नमुन्याची नोकरी

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात यंदा नोकरीवर लिहायला सांगितलंय. नोटांच्या छापखान्यातले, बँकेतले, कोर्टातले असे सगळे साहेब लिहिणार, त्यांच्या रांगेत मी कशी बसणार, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुमच्यासारखी नोकरी देवासात दुसऱ्या कुणाला नाही." ते मात्र खरं. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका क्लासात मी नमुना आहे. साडीच्या दुकानात पुतळ्याला साडी नेसवून दारात उभं करतात ना, तसं. फरक इतकाच, की पुतळ्याला संध्याकाळी फरशी पुसावी लागत नाही.

हे लिहिताना धाकधूक आहे. सरांचे माझ्यावर उपकार आहेत आणि त्यांच्याबद्दल चार शब्द वाकडे जाणार, हे मला पहिल्याच ओळीला कळलंय. पण सरांचं सगळं शिक्षण हिंदीत झालं. मराठी ते फर्डं बोलतात, वाचायचा मात्र त्यांना कंटाळा. पहिल्या पानापुढे ते येणार नाहीत, या भरवशावर लिहिते.

आम्ही मूळचे महाराष्ट्रातले, औशाकडचे. मधुकरला, म्हणजे माझ्या मिस्टरांना, इथल्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून आलो आणि वर्षभरात त्यांचं खातंच बंद झालं. गावाकडे परत जाण्यासारखं काही नव्हतं. अशा वेळी सरांनी मला झाडलोट, पाणी आणि फोन उचलणं या कामावर घेतलं, राहायला खोली मिळवून दिली, मधुकरला ओळखीच्या गोदामावर लावून दिलं आणि माझ्या वैष्णवीच्या शाळेसाठी स्वतः स्कूटरवरून हेडमास्तरांकडे गेले. हे मी विसरणार नाही. विसरू दिलंही जात नाही.

सरांना घरात ‘अण्णासाहेब’ म्हणतात. पोरं ‘सर’ म्हणतात. मालवी बोलणारी पोरं ‘सरजी’ म्हणतात, आणि फीस कमी करून हवी असली की ‘सर भिया’, म्हणजे सरदादा. मी पहिल्या दिवशी घाबरून ‘अण्णासाहेब सर’ म्हणाले, तेच आता सगळीकडे चालतं. देवासला पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. सरांचे पणजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते. काय होते ते नक्की कळलेलं नाही, कारण दर वर्षी ते एक हुद्दा वर चढतात. मी लागले तेव्हा कारकून होते, आता दिवाणजींच्या खालोखाल आलेत.

आता धंदा काय तो सांगते. इंग्रजीत शब्द बनवायची एक रीत आहे. मधे मूळ शब्द ठेवायचा. डावीकडून एक तुकडा लावला की अर्थ फिरतो, उजवीकडून लावला की शब्दाचं काम बदलतं. आपल्याकडे नाही का, शक्यला डावीकडून ‘अ’ लावला की अशक्य. वेड्याला उजवीकडून ‘पणा’ लावला की वेडेपणा. तसंच तिकडे. हॅपी म्हणजे आनंदी. डावीकडून ‘अन’ लावा, अनहॅपी. उजवीकडून ‘नेस’ लावा, हॅपिनेस, म्हणजे आनंद. ‘ली’ लावा, हॅपिली, म्हणजे आनंदाने. सरांचं म्हणणं, मूळ शब्द थोडे शिका, तुकडे थोडे शिका, आणि मग बसल्या जागी हजारो शब्द तुमचे. "एक शब्द दोगे, चार ले जाओगे," असं दारावर लिहिलंय. वाक्य कसं करायचं ते दारावर नाही. आतही नाही.

सुरुवातीला हे फळ्यावर चालायचं. एका पावसाळ्यात फळ्याला ओल धरली तेव्हा सरांनी वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि पुठ्ठ्याचे तुकडे चिमट्यांनी लटकवायला मला सांगितलं. पांढरा पुठ्ठा मूळ शब्दाचा, लाल डावीकडचा, निळा उजवीकडचा. कपडे वाळत घालायला माझा हात चांगला चालतो. सरांच्या तोंडातून शब्द पडायच्या आत माझा चिमटा बसलेला असायचा.

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. देवीच्या टेकडीच्या पायथ्याला भोजनालय चालवणारा एकजण आठवडाभर बसला आणि गायब झाला. मग त्याच्या दुकानावर नवी पाटी दिसली: ‘होमली, टेस्टली, फ्रेशली भोजन’. सर मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले, "देख, आपला स्टुडंट." मलाही ती पाटी तेव्हा बरोबरच वाटली होती. जवळच्या टोंकखुर्द गावचे एक सोयाबीनवाले काका यायचे, त्यांची सून परदेशात. तिच्याशी भांडण झालेलं, आणि त्यांना मोबाइलवर तिला एवढंच कळवायचं होतं की माझा राग पुष्कळ उतरलाय, पण अगदी सगळा नाही. सरांनी विचार करून ‘अँगरलेस’ दिला. सुनेने अंगठा पाठवला. काका पेढे घेऊन आले.

एकदा एका मुलाने विचारलं, "सरजी, हॅपी को अन लगता है, ऑनेस्ट को डिस, पॉसिबल को इम. ये तय किसने किया?"

सर म्हणाले, "बेटा, ये राज-रजवाड़ों के टाइम से चला आ रहा है."

पोराने मान डोलावली. सरांच्या पणजोबांनीच ठरवलं असणार, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी नमुना कशी झाले ते असं. नवी बॅच सुरू करताना सर एक फुकट तास घेतात, त्याला डेमो म्हणतात. एका डेमोला एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि मुलासमोरच म्हणाले, "याचं डोकं जरा मंद आहे, याला जमेल का?" सर अडखळले. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते.

"अरे, ही आमची सुनंदा बघा," सर म्हणाले, "झाडू मारते इथे. सुनंदा, केअर."

रोज लटकवत होते, तोंडात बसलं होतं. म्हणाले, "केअर, केअरफुल, केअरलेस, केअरलेसनेस."

"ऑनेस्ट."

"ऑनेस्ट, डिसऑनेस्ट, ऑनेस्टी, ऑनेस्टली."

गृहस्थांनी मुलाकडे असं बघितलं, की मला त्या मुलाची दया आली. पण नाव तिथल्या तिथे घातलं.

पुढल्या आठवड्यात इंदूरच्या बस थांबतात तिथे, आमच्या घराजवळच्या स्टॉपवरच, माझा फोटो लागला. दाराएवढं फ्लेक्स. हातात झाडू नव्हता, ही सरांची कृपा. खाली हिंदीत: ‘आठवीं फेल सुनंदा, आज फर्राटेदार अंग्रेजी’. फर्राटेदार म्हणजे फाडफाड.

मी क्लासात जाऊन हळूच म्हणाले, "सर, मी आठवी पास आहे. पास होऊन शाळा सोडली. लग्न ठरलं म्हणून."

"पास?" सरांना वाईट वाटलेलं दिसलं. "पण सुनंदा, पास तर सगळेच असतात. पासचं काय कौतुक? लोक फेलसाठी थांबतात."

आमच्या मराठीत निदान ‘पास’ला डावीकडून ‘ना’ लावतात, मूळचा पास आत शाबूत राहतो. हिंदीने तेवढीही सोय ठेवली नव्हती. पण मी काय बोलणार? गोदामावर मधुकर नवा होता. वैष्णवीचं शाळेत नाव लागून वर्ष झालं नव्हतं. मी म्हणाले, "बरं सर."

तेव्हापासून प्रत्येक डेमोत मी आठवी फेल. शब्द ठरलेले सहा: हॅपी, केअर, ऑनेस्ट, पॉसिबल, सक्सेस, एज्युकेट. क्रम ठरलेला. सातवा शब्द कुणी विचारला तर सरांना खोकला येतो आणि मी पाणी आणायला जाते. या रीतीने आम्ही देवास जिल्हा जवळजवळ पुरा केला.

सरांच्या मिसेस, वहिनीसाहेब, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मला आवर्जून बोलावतात. आंब्याची डाळ, पन्हं, ओटी, सगळं मानाने. इथल्या जुन्या घरांतलं मराठी असं, की आपण नाटकात शिरलोय असं वाटावं. "यावं, बसावं, संकोच नसावा." आणि पन्हं झालं की कुणीतरी म्हणतंच, "अगंबाई, सुनंदा, तुझं ते इंग्रजी म्हणून दाखव ना." मग मी पाटावर बसून सहा शब्द म्हणते. एका आजींनी विचारलं, "कितवी नापास गं तू?" मी म्हणाले, "आठवी पास." आजींना ऐकू कमी येतं. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. वाईट नाही वाटून घ्यायचं."

मला वाईट वाटत नव्हतं. म्हणजे सवय झाली होती. सवय नव्हती ती वैष्णवीला.

ती सातवीत गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शाळेतून येताना ती एक स्टॉप आधी उतरते आणि भर उन्हात चालत येते. विचारलं तर म्हणे, मैत्रिणीसोबत येते. एक दिवस मी मागोमाग गेले. मैत्रीण कुठेच नव्हती.

"आई, मुली म्हणतात, तेरी मम्मी फेल. आता मी आठवीत जाईन तेव्हा काय म्हणतील?"

"पण मी फेल नाही ना बेटा."

"मला माहितीय. फ्लेक्सला सांग."

फ्लेक्स सरांचं. सरांना सांगायचं तर कसं सांगायचं, यात पंधरवडा गेला. शेवटी मनाशी ठरवलं, ती आठवीत जायच्या आत ‘फेल’ खाली उतरवायचं. मी ओपन स्कूलची दहावी द्यायची, घरून अभ्यास करून. दहावी पास बाईला आठवी फेल कोण म्हणेल? सरही नाही म्हणू शकणार.

सरांना सांगितलं तर त्यांनी पंखा बंद केला. गंभीर बोलायचं असलं की ते पंखा बंद करतात.

"सुनंदा, शिकण्याला मी नाही म्हणणार नाही. आमच्या घराण्यात ते नाही. पण तू दहावी झालीस तर मग डेमोत कोण?"

"मीच, सर."

"दहावी पास बाई इंग्रजी बोलते, यात काय आहे? माझी मावशी पण बोलते." मग म्हणाले, "दे. परीक्षा दे. पुस्तकं मी देतो. पण पास झालीस तर बोभाटा करू नको."

पुस्तकं खरंच दिली. इंग्रजीच्या क्लासातला नमुना शिकू नये म्हणून मालक काळजीत, आणि पुस्तकंही त्यानेच आणून दिलेली. अशा माणसावर रागवावं तरी कुठून?

इंग्रजीच्या पेपरला मी निर्धास्त होते. शब्द बनवायचा प्रश्न आला, तो माझा सगळाच्या सगळा बरोबर आला असणार, लाल-निळा पुठ्ठा डोळ्यांसमोर होता. पुढे उतारा होता. त्याच्या पुढे पोस्टमास्तरांना पत्र: माझं पार्सल मिळालं नाही. आता मला केअरलेसनेस येत होतं, अनहॅपी येत होतं, पण पार्सल आणि मी आणि पोस्टमास्तर यांना एका वाक्यात बसवायचं कसं, ते दोरीवर कधी लटकलंच नव्हतं. मी लिहिलं, ‘सर, केअरलेस. अनहॅपी.’ थोडा विचार करून शेवटी ‘ऑनेस्टली’ घातलं.

निकाल लागला. हिंदी पास, सामाजिक पास, गृहविज्ञानात तर फारच बरे. इंग्रजीत नापास. आयुष्यात पहिल्यांदा.

सरांनी पंखा बंद केला. आपल्याच क्लासचा नमुना इंग्रजीत नापास, हे बाहेर गेलं तर काय, ते त्यांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होतं. मग एकदम चेहरा उजळला.

"अगं, पण म्हणजे आता तू फेलच आहेस. फ्लेक्स खोटं कुठे राहिलं?"

वैष्णवीला मी हे सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. शाळा सुरू व्हायला महिना राहिला होता.

त्याच आठवड्यात डहीला डेमो होता. डही धार जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला, देवासहून पहाटे निघालं तर दुपार होते. सरांना तिथे शाखा काढायची होती. गाडीत मागच्या सीटवर मी, मांडीवर पुठ्ठ्यांची पिशवी. धार गेल्यावर सरांनी मागे न बघता सांगितलं, "दहावीचा विषय काढू नको हं."

"नाही सर."

धर्मशाळेचा हॉल भरलेला होता. दोरी बांधली. सरांनी दरबार सांगितला, पणजोबा सांगितले, आणि मग आवाज खाली आणून, "ये है हमारी सुनंदा. आठवीं फेल." मी सहाही शब्द लटकवले, चोवीस रूपं म्हटली, टाळ्या झाल्या. नेहमीसारखंच. चिमटे काढायला मी हात वर केला, तर पुढच्या रांगेतले एक साफावाले गृहस्थ उठले. मिरचीचे व्यापारी, बाजूला त्यांची मुलगी, मान अगदी खाली घालून बसलेली.

"बाई, एक बात पूछूं? बुरा मत मानना. आठवीं में काय में फेल हुई थी? कौन से विषय में?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कितवी ते सगळे विचारतात. कशात ते कुणीच नाही. सरांना खोकला आला. पण पाणी आणायला मी हलले नाही, कारण ते गृहस्थ मला खिजवत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्या मुलीने मान वर केली होती. वैष्णवीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. कशात सांगू? गणित म्हणू? ज्या परीक्षेत पास झाले तिच्यातला नापास विषय कुठून आणू?

मी म्हणाले, "आठवीत फेल नाही झाले. आठवी पास आहे मी. दहावीत झाले. आत्ताच, या वर्षी."

"काय में?"

"इंग्रजीत."

सरांचा खोकला एकदम थांबला. मला वाटलं, संपलं. गोदाम गेलं, खोली गेली, औशाची गाडी कितीला असते ते आठवू लागले.

साफावाले मुलीकडे वळले. "सुन ले. म्हारी छोरी बी दसवीं की अंग्रेजी में ज फेल है, तीन दिन से रोटी नी खई री." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दुबारा बैठोगे?"

"बसणार ना. बैठूंगी."

"तो ठीक है. दोनों संग में बैठना. सरजी, इसका नाम लिखो."

त्यांच्या मागून आणखी चारजण उठले. मी सत्य सांगितल्याचा परिणाम म्हणावा, तर तसं काही नव्हतं. त्यातल्या एकाने मला दारात गाठून विचारलं, "बाई, आठवीं फेल को भी ले लेते हैं ना इधर?" म्हणजे त्याने मधलं काहीच ऐकलं नव्हतं.

परत येताना धारला चहाला थांबलो. सरांनी माझ्या कपात स्वतः साखर घातली, ती मला चालत नाही, तरी मी प्यायले.

"तू मला आधी का नाही सांगितलंस, की आठवी पास आहेस?"

"सांगितलं होतं, सर. फ्लेक्स लागलं त्याच दिवशी."

"हो?" सरांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. "मग मी काय म्हणालो?"

"लोक फेलसाठी थांबतात, म्हणालात."

"बरोबरच म्हणालो होतो," सर म्हणाले. आणि एक घोट झाल्यावर, "बोल. काय करायचं फ्लेक्सचं?"

"उतरवा."

"उतरवायचं कसं? चांगलं आहे अजून." शेवटी तोडगा त्यांनीच काढला. थोरल्या पातीचा दरबार इतकी वर्षं कसा टिकला असेल, ते त्या दिवशी मला कळलं. नवं फ्लेक्स करायचं नाही. फ्लेक्सवाल्याकडून हातभर पट्टी छापून घ्यायची आणि ‘फेल’वर चिकटवायची: ‘पास’.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फ्लेक्सवाल्याचा माणूस स्टूल घेऊन आला आणि पट्टी लावून गेला. रंग जुळत नाही. माझा फोटो उन्हाने पिवळा पडलाय आणि पट्टी पांढरीफेक, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी कळतं की इथे दुसरंच काहीतरी होतं. सर म्हणतात, त्याने उलट लोक जास्त थांबतात. डेमोत आता ते सांगतात, ‘दसवीं की तैयारी कर रही है’, आणि पुढचं खाऊन टाकतात. डहीची पोरगी रविवारी फोन करते, आम्ही दोघी मिळून पोस्टमास्तरांना पत्र लिहितो. पार्सल अजून मिळालेलं नाही, पण वाक्य होऊ लागलंय. सर हे इथवर वाचत आले असतील, तर त्यांना एवढंच सांगते, की डावीकडून काहीही न लावता मी तुमची आभारी आहे.

वैष्णवी आठवीत आहे. आता ती आपल्या स्टॉपवर उतरते. पट्टीचा एक कोपरा सारखा सुटतो. ती फ्लेक्सपाशी थांबते, दप्तर खाली ठेवून टाचा उंचावते आणि अंगठ्याने तो कोपरा दाबून बसवते. मग घरी येते.